तुंबाड एकदाचा पाहिला. याला भयपट म्हणायचं का?

डोंबिवलीची_मुक्ता (शनिवार, रात्री ११.५०)

इतकी वर्षं ज्याच्या त्याच्याकडून "काय, तुंबाड पाहिला नाहीस?" असं ऐकून घेतलं, म्हणून आज एकदाचा पाहिला. घरी, टीव्हीवर, दिवे घालवून, आईला शेजारी बसवून. (पुढे कथा फुटणार आहे. न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं. गोष्ट थोडक्यात: तुंबाडच्या वाड्याखाली देवीच्या गर्भात हस्तर नावाचा शापित देव, त्याच्या लंगोटात सोन्याच्या मुद्रा. विनायक त्याच्यापुढे पिठाची बाहुली टाकतो आणि तो ती खाईपर्यंत मुद्रा लुटतो.)

तर मंडळी, मला भीती वाटली नाही. एकदाही दचकले नाही. पाऊस अप्रतिम, वाडा अप्रतिम, सोहम शाहचा विनायक पक्का आतल्या गाठीचा. पण मांडीवरचा चिवड्याचा वाडगा होता तिथेच राहिला. माबुदोस (माझ्या बुद्धीचा दोष) असेल.

प्रश्न दोन. याला भयपट का म्हणतात? आणि हा म्हणे पाच कोटींत झाला, ते कसं? आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइलसुद्धा एवढ्यात हलणार नाही.

अवांतर: ती साखळदंडाने बांधलेली म्हातारी आली तशी आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. वीस मिनिटं आलीच नाही. विरजण लावत होते म्हणाली. विरजण संध्याकाळीच लावलं होतं.

रातकिडा (११.५४)

मी पैला! चिवडा कुठला होता ते सांगा, मग बोलू.

खारा_वारा (रविवार, सकाळी ७.१०)

मुक्ताताई, भीती वाटली नाही हे बरोबरच आहे. माझ्यासारख्या दापोलीकराला तर वेगळ्याच कारणाने वाटली नाही. सिनेमा सुरू झाल्यापासून माझं लक्ष त्या वाड्याकडे. दगडी तट, बुरूज, अवाढव्य दरवाजा... अहो, हे कोकण आहे का? आमच्याकडे चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी नाहीतर नळ्याची कौलं, पुढे पडवी, मागे माजघर, उतार असा की पाणी थांबता कामा नये. त्या पडद्यावरच्या वाड्यावर असा अखंड पाऊस पडला असता तर तिसऱ्या वर्षी भिंती फुगून आडव्या झाल्या असत्या.

नंतर कळलं की तो सासवडचा पुरंदऱ्यांचा वाडा. कऱ्हेकाठचा! जिथे पावसाची वाट बघून माणसं म्हातारी होतात तिथे यांनी कधी न थांबणारा पाऊस दाखवलाय.

गावाचं नाव मात्र खरं आहे. खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी तुंबाड आहे. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड आमच्या घरी फडताळात वरच्या कप्प्यात असायचे. सिनेमाने त्यातलं फक्त नाव उचललं, गोष्ट नाही. वडील पेंडशांसाठी म्हणून बघायला बसले आणि मध्यंतरापर्यंत "खोत कधी येणार?" विचारत होते.

पडद्यामागचा (सकाळी ९.२५)

मुक्ता, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. याच धंद्यात आहे, ध्वनीच्या बाजूला. (या सिनेमात नव्हतो. असतो तर इथे एवढ्या नम्रपणे बोललो नसतो.)

पाच कोटी हा आकडा सगळीकडे छापून आलाय. खरी किंमत पैशात नाही, वर्षांत आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वेने पहिला खर्डा लिहिला १९९७ साली, तेव्हा तो अठरा वर्षांचा. २००८ला नवाजुद्दीनला घेऊन सुरू करायचं ठरलं होतं, निर्माता मागे सरला. मग त्याने अख्ख्या सिनेमाची शेकडो पानांची चित्रं काढून ठेवली. शूटिंग २०१२ला. संकलनात बघितल्यावर मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा लिहिलं, पुन्हा चित्रित केलं. संपलं २०१५ला. त्यानंतर ग्राफिक्स वगैरे करून पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ला. मोठ्या कंपनीत एवढी वर्षं नुसती खुर्ची गरम ठेवायची म्हटली तरी पाच कोटी व्याजातच जातील.

स्वस्तात दिसायला महाग करायचं तर एक जुनी युक्ती असते: दाखवायचं कमी. गर्भातला हस्तर नीट आठवून बघा. किती सेकंद नीट दिसतो? कंदिलाच्या उजेडापलीकडे काळोख, आणि काळोखाला पैसे पडत नाहीत. पण पाऊस त्यांनी खरा घेतला, आणि तिथे मात्र कंजुषी केली नाही. टँकरचा पाऊस कॅमेऱ्याच्या पुढे दहा फूट पडतो आणि मागचं झाड कोरडं राहतं. इथे क्षितिजापर्यंत ओलं आहे. पंकज कुमारचं छायाचित्रण बघताना मला आमच्या कोंदट गाद्यांचा वास आला.

आणि भीती वाटली नाही म्हणता, टीव्हीच्या स्पीकरवर ऐकलात ना? मग संपलं. जेस्पर किडच्या संगीतात तळाशी जी घरघर आहे ती टीव्हीला ऐकूच येत नाही. निदान हेडफोन लावून म्हातारीचा प्रसंग परत ऐका.

सडेतोड (सकाळी १०.०२)

चला, आरती झाली असेल तर बोलू का?

सिनेमा चांगला दिसतो, मान्य. पण सुरुवातीलाच निवेदनातून सगळं ओकून टाकलंय. देवी, तिचा पहिला मुलगा हस्तर, सगळं सोनं त्याने घेतलं, धान्याला हात घालायला गेला तशी बाकीच्या देवांनी त्याला झोडपलं, आईने एका अटीवर वाचवलं की तुझी पूजा कधी होणार नाही. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला देव कळला, त्याची भूक कळली. मग उरलं काय? आम्ही फक्त वाट बघायची की पोराला कधी कळतंय.

दुसरं, बायका. आई राबते आणि एका मुद्रेची आस धरून बसते. विनायकाची बायको म्हणून अनिता दातेसारखी बाई घेतलीत आणि तिला काय काम? नवऱ्याची वाट बघणे.

तिसरं, शेवट. लंगोटच्या लंगोट आणायचा बेत बारक्या पोराला सुचतो आणि इतकी वर्षं हस्तरशी व्यवहार करणाऱ्या बापाला पुढचा धोका कळत नाही? जितक्या बाहुल्या तितके हस्तर, हे गणित बालवाडीचं आहे.

रातकिडा (१०.०६)

अनिता दातेंना पीठ मळायला दिलं असतं तर हस्तर त्यांच्या मालिकेतले 'राधिका मसाले' विचारत बाहेर आला असता. खिक्.

बाराखडी (१०.४०)

रातकिडा, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

सडेतोड, बायकांबद्दल +१. पण शेवटाबद्दल असहमत. बापाला कळत नाही कारण तो वर्षानुवर्षं एकच बाहुली नेतोय आणि प्रत्येक वेळी जिवंत परत येतोय. सवय झाली की माणूस विचार करत नाही. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ दर महिन्याला उधारी वाढवत शेअरमध्ये घालायचे. त्यांच्या मुलानेच शेवटी विचारलं, बाबा, एकदम सगळं का नाही घालत? पुढचं सांगत नाही.

मी २०१८ला थेटरात पाहिला, पहिल्याच आठवड्यात. आम्ही धरून सात जण. त्यातले दोघे शेजारच्या पडद्यावरच्या सिनेमाचं तिकीट न मिळाल्यामुळे आलेले आणि ते त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. मध्यंतरानंतर एसी बंद. त्या उकाड्यात तो गर्भाचा प्रसंग, लाल भिंती, आणि पाठीवरून घामाची धार. मुक्ता, भीती वाटली की नाही आठवत नाही, पण बाहेर आल्यावर हात धुवावेसे वाटले.

सप्टेंबर २०२४ला परत लागला तेव्हा भाच्यांना घेऊन गेले, तर हाउसफुल. पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला दुसऱ्या वेळेला झाला. सात जणांपैकी एक असल्याचा मला उगाचच अभिमान वाटला.

गजालीकार (११.१५)

माका भ्या वाटूक नाय, पण झोप पण येवक नाय.

पीठाक्का (दुपारी १२.३०)

मला तुमच्या चर्चेत पडायचं नव्हतं पण एका गोष्टीने डोकं खाल्लंय. ती बाहुली. कसल्या पिठाची?

पांढरीसफेद दिसते आणि तो भराभर मळून, हातपाय ओढून, आकार देऊन मोकळा होतो. आता कोकणात त्या काळी घरात पीठ म्हणजे तांदळाचं नाहीतर नाचणीचं. गहू सणासुदीला. आणि तांदळाचं पीठ गार पाण्यात मळून बघा एकदा. हात ओढला की हात हातात येतो. मोदकाला आपण उकड काढतो ती हौस म्हणून नव्हे. उकड काढली नाही तर ते पीठ एकमेकांना धरत नाही. मग तो खाली उतरून गर्भात चूल पेटवून उकड काढतो का?

खारा_वारा (१२.४१)

आक्का, एकच नंबर प्रश्न. आणि नाचणीची केली असती तर बाहुली चॉकलेटी आली असती.

बाराखडी (१२.५०)

आक्का, विनायक तोवर पुण्याला राहायला गेलाय ना! पीठ पुण्याहूनच नेतो. पुण्यात गहू मिळायला काय अडचण?

पीठाक्का (१.०५)

हां, हे पटलं. पुण्याची कणीक म्हणजे घट्ट मळली तर आकार धरेल. पण कणकेचा दुसरा वांधा आहे, ती ओढली की परत आखडते. दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे करते दरवर्षी, कड वर ओढली की जरा वेळाने बसकी होते. संध्याकाळी दोन्ही करून बघते आणि सांगते. नातू आलाय, त्यालाही उद्योग.

जुना_पोथीवाला (दुपारी ३.२०)

आक्कांनी पिठाचा विषय काढलाच आहे तर थोडं. पिठाचा प्राणी करून बळी देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पिष्टपशू म्हणतात. यज्ञात जिवंत बोकडाऐवजी पिठाचा बोकड. यावरून मोठे शास्त्रार्थ झालेत, माध्व (मध्वाचार्यांच्या पंथातल्या) मंडळींनी पिष्टपशूची बाजू हिरिरीने मांडली. कोहळा फोडतो तेही त्यातलंच, जिवाच्या जागी जिवासारखं काहीतरी.

म्हणून मला ती बाहुली फार नेमकी वाटली. ज्या देवाला धान्य मिळणार नाही असा शाप, त्याला धान्याचाच माणूस करून द्यायचा. तो खाईपर्यंत त्याच्या कमरेचं लुटायचं. बाकीचे लोक देवाला बळी देऊन काहीतरी मागतात. हा बळी पुढे करून देवाचा खिसा कापतो.

बाकी हस्तर नावाचा देव आपल्या कुठल्या पुराणात नाही, बनवलेला आहे. दैत्य-दानव-वेताळ-खवीस यांच्या यादीत शोधू नये.

नाणेवाला (३.४५)

खिसा नाही पोथीवाले, कनवटी! लंगोटाच्या आत मुद्रा, म्हणजे थेट कडोसरीला लावलेलं धन. आमची आजी नोट कनवटीला लावायची आणि ती आंघोळीला गेल्याशिवाय ती नोट जगात कुणाला दिसायची नाही. हस्तर तर आंघोळही करत नाही.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे सालं. १९३३ला हा माणूस एकेक सोन्याची मुद्रा घेऊन पुण्यातल्या सावकाराकडे येतो. संशय यायला हवा ना? पण बरोब्बर त्याच काळात संशय कमी आला असता. सप्टेंबर १९३१मध्ये इंग्लंडने सुवर्णमानक सोडलं, म्हणजे पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे इकडे सोन्याचा भाव चढला. वर मंदी. शेतमालाला भाव नाही, सारा आणि व्याज मात्र चालूच. घरोघरचं सोनं बाहेर पडलं आणि जहाजं भरभरून विलायतेला गेलं. पणजीच्या पाटल्या गेल्या त्या त्याच काळात, असं आमच्याकडे अजून सांगतात. अशा दिवसांत कनवटीतून मुद्रा काढणारा विनायक हा रांगेतला आणखी एक. फक्त बाकीच्यांचं सोनं संपत होतं आणि याचं संपत नव्हतं, आणि सावकाराने नेमकं तेच हेरलं.

डब्लिनकर_दादा (संध्या. ५.३०)

पाऊस थांबत नाही, आभाळ शिसवी, सगळं घर ओलसर, माणसं पैशामागे. आमच्याकडे याला भयपट नाही, माहितीपट म्हणतात.

समर्थांचा_शिष्य (६.१०)

कुणीच कसं भयकथावाल्या धारपांचं नाव घेतलं नाही? निषेध!!

नारायण धारप वाचूनच आम्ही लहानाचे मोठे झालो. पोस्टाच्या मागे एक वाचनालय होतं, तिथे धारपांच्या पुस्तकांची पाठची पानं नेहमी कुणीतरी फाडलेली. शेवट न कळल्यामुळे भीती दुप्पट. तर राही बर्वेला तुंबाडचं बी मिळालं ते धारपांच्या एका गोष्टीतून. नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने रात्री ती सांगितली, १९९३ साली, असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. ती गोष्ट 'आजी'. घरात एकटं पोरगं आणि पलीकडच्या खोलीत म्हातारी. ती मूळची स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वरून. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी धारपांनी मराठी घरात आणली आणि बर्वेने तिला साखळी घातली.

आणि हो, राही हा अनिल बर्वेंचा मुलगा, 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाले. तेव्हा "मराठी साहित्याने सिनेमाला काय दिलं" विचारणाऱ्यांना हा धागा दाखवावा.

सडेतोड (६.२५)

मग मराठीत का नाही केला? धारप मराठी, पेंडसे मराठी, गाव मराठी, वाडा मराठी, निम्मी नटमंडळी मराठी, आणि १९१८ सालातली कोकणातली आई पोराशी हिंदीत बोलते. मला तिथेच पहिला फटका बसला. "झोप, नाहीतर हस्तर येईल" हे मराठीत कसं अंगावर आलं असतं!

पडद्यामागचा (६.५०)

पाच कोटी हिंदीसाठी किरकोळ आहेत. मराठीसाठी तेच पाच कोटी म्हणजे निर्मात्याचं घर, गाडी आणि मेव्हण्याचं घर. त्यातून सहा वर्षं अडकलेले. मराठीत केला असता तर पावसाऐवजी पाऊस पडून गेल्यानंतरचा सिनेमा बनला असता.

सडेतोड (६.५८)

'लपाछपी' बघितलात का? २०१७चा, विशाल फुरियाचा. पूजा सावंत आणि उषा नाईक. तो तर तुंबाडपेक्षाही कमी पैशात झाला असणार. एक गरोदर बाई, उसाच्या फडाच्या मधोमध एक घर, बास. ऊस नुसता सळसळतो आणि आतून पोरं खेळल्याचा आवाज. मी सांगलीकडचा आहे, उसात वाट चुकणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. डोक्याच्या वर पाती, सगळीकडे एकसारखं, आपलाच आवाज आपल्याला परत येत नाही. त्यांनी सेट लावला नाही, फड लावला. ती भीती मला कळली. नंतर त्यानेच हिंदीत 'छोरी' केला २०२१ला.

उषा नाईकांची तुळसाबाई जेवायला वाढते तेव्हासुद्धा घास उतरत नाही. मराठीत होतं, होऊ शकतं.

बाराखडी (७.१५)

लपाछपीला +१००. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय शेवटी जरा भाषणासारखा येतो, पण उषा नाईक!! सडेतोड, तुम्ही एखाद्या सिनेमाचं कौतुक केलंत. हा धागा वाचनखूण म्हणून साठवते.

रामसेभक्त_काका (७.४०)

आमच्या वेळी रामसे बंधू अख्खं युनिट महाबळेश्वरला नेऊन थोडक्यात सिनेमा उरकायचे. 'दो गज़ ज़मीन के नीचे', १९७२. मुडदा जमिनीतून वर यायचा आणि पब्लिक खुर्चीवरून वर. भीती वाटली का हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. तिकिटाचे पैसे भीतीचेच होते. तुमच्या या पिढीच्या सिनेमात भूत कमी आणि अर्थशास्त्र जास्त.

नाणेवाला (७.४४)

काका, ते अर्थशास्त्र माझ्यामुळे घुसलं, सिनेमाची चूक नाही. :)

खारा_वारा (८.३०)

एक राहिलं. १९१८. सिनेमातल्या त्या साली तुंबाडला धो-धो पाऊस. प्रत्यक्षात त्या वर्षी देशभर पावसाने दगा दिला होता. पीक बुडालं आणि वर इन्फ्लुएंझाची साथ. आमच्या पणजोबांच्या वहीत त्या वर्षाच्या पानावर फक्त भाताचे आकडे आहेत आणि पुढे तीन नावं, तिन्ही खोडलेली. बाकी काही लिहिलेलं नाही. लेखकाच्या मनात हे होतं की नाही देव जाणे. पण जगात दुष्काळ आणि एकाच गावावर न थांबणारा पाऊस, असं बघितलं तर तो शाप वेगळाच दिसायला लागतो. धान्य सगळ्यांनाच नाही. नुसत्या हस्तरला नाही असं नव्हे.

सडेतोड (८.४१)

हे आवडलं. वाड्याबद्दलचं तुमचं रडगाणं माफ.

पीठाक्का (रात्री ९.१५)

प्रयोगाचा अहवाल.

१. तांदळाचं पीठ, गार पाणी: डोकं बसेपर्यंत पाय सुटले. बाद.
२. तांदळाची उकड: सुरेख झाली. बोटंसुद्धा काढली, तेलाचा हात लावून. पण गरम असेपर्यंतच वळते, गार झाली की भेगा. गर्भात शक्य नाही.
३. कणीक, चिमूटभर मीठ, तेल नाही, पुरीपेक्षा घट्ट: ही उभी राहिली! मान जरा खाली गेली, हात आखडून अंगाशी आले. लहान मूल थंडीत उभं राहतं तशी दिसायला लागली.

म्हणजे गहूच होता. बाराखडी जिंकली. दोन्ही बाहुल्या ओट्यावर ठेवल्यात, नातू मोडू देत नाहीये.

रातकिडा (९.१८)

आक्का, रात्री ओट्यावर?? लंगोट बिंगोट तपासून ठेवा.

पीठाक्का (सोमवार, सकाळी ६.४०)

सकाळी उठून बघते तर लाल मुंग्यांची रांग. उकडीची तशीच आहे. कणकेचीला लागल्यात. डावा पाय घोट्यापर्यंत गेलाय. नातू कधीचा ओट्यासमोर उभा आहे, त्याने विचारलं, "हिला दुखलं असेल?" टाकून देणार होते. आता तो आंघोळीला जाईपर्यंत थांबावं लागणार.

बाराखडी (७.२०)

आक्का, सोमवारी सकाळी हे वाचायला नको होतं.

डोंबिवलीची_मुक्ता (सोमवार, रात्री १०.३०)

धागा काढून मीच गायब झाले, क्षमस्व. सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. पिठाचं ऐकून ती हसली, आक्कांना सांग म्हणाली की उकडीत थोडं लोणी घालायचं, भेगा जात नाहीत पण कमी होतात.

मग समर्थांच्या शिष्यांचा प्रतिसाद वाचला, पलीकडच्या खोलीतली म्हातारी वगैरे. तेव्हा गप्प झाली. आणि मग जेवण झाल्यावर, भांडी आवरताना, आपणहून बोलली. तिच्या परवानगीने लिहिते.

तिचं आजोळ राजापूरच्या बाजूचं. माजघराच्या मागे एक अंधारी खोली होती, बी-बियाणं ठेवायची. तिथे आईच्या आजोबांची एक विधवा चुलती असायची. सगळे बयोआते म्हणायचे. डोक्यावर परिणाम झाला होता म्हणायचे. झाला होता की खोलीत ठेवल्यामुळे झाला, ते आईला माहीत नाही. दाराला बाहेरून कडी. ताट खालून सरकवायचं. पोरं झोपली नाहीत की सांगायचे, "झोप, नाहीतर बयोआते येईल."

म्हणजे सिनेमात म्हातारीला हस्तरची भीती घालतात. आमच्या घरात पोरांना म्हातारीची घालायचे.

आई सात-आठ वर्षांची असताना एकदा घरात कुणी नव्हतं, सगळे लावणीला. मामीने जाताना ताट हिच्या हातात दिलं. हिने दाराशी ठेवलं, सरकवलं आणि पळणार, तर आतून आवाज आला. अगदी साधा. रोजच्या बाईचा. "पाऊस थांबला का गं?"

हिने उत्तर दिलं नाही. पळाली.

आई म्हणते सिनेमातली ती नुसती खायला मागते तोवर मी बसले होते. पण आपलं लुगडं सावरून अंधारात ती जराशी वळते ना, तेव्हा मला बसवेना.

तर माझा पहिला प्रश्न मी मागे घेत नाही. मला अजूनही भीती वाटलेली नाही. पण शेजारी बसलेल्या माणसाला वाटत होती आणि मला ते विरजणाचं वाटलं.

समर्थांचा_शिष्य (१०.४५)

...

टडोपा (टचकन डोळ्यांत पाणी). काही लिहवत नाही.

गजालीकार (१०.५२)

आमच्या घरात पण होती अशी एक. नाव नाय सांगणा.

सडेतोड (११.०५)

मी वर लिहिलं होतं की बायकांना काही काम नाही. एवढं बदलतो, त्यात ती म्हातारी धरायची नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

पीठाक्का (११.१०)

लोण्याचं करून बघते हो. आईंना म्हणावं, कधीही फोन करा.

डब्लिनकर_दादा (११.३२)

मुक्ता, इथे अजून थांबला नाही. उगाच दार लावून आलो आत्ता.

डोंबिवलीची_मुक्ता (मंगळवार, सकाळी ८.०५)

रात्री आईने परत लावायला सांगितला. पूर्ण. हेडफोन तिला, मला नाही. म्हातारीच्या प्रसंगाला उठली नाही. नंतर विचारते, "हिला नाव काय ठेवलंय गं यांनी?" मी शोधलं. नुसतं दादी म्हणतात.